सिक्लाडीज बेटांवरचे प्राचीन अवशेष: आधी खाण, मग मंदिर

खापरखुंटी

ग्रीक बेटांच्या सहलीचा ठरलेला साचा म्हणजे अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी आणि परत. त्यात मिकोनोसहून अपोलोचं पवित्र बेट असलेल्या डेलोसला अर्धा दिवस, आणि सँटोरिनीला वेळ उरलाच तर अक्रोतिरी हे राखेखाली गाडलं गेलेलं शहर. ज्यांना मुख्यतः अवशेष पाहायचे आहेत त्यांनी हा साचा मोडावा आणि सुरुवात नाक्सोसपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. धागा त्यासाठीच काढतेय. ज्यांना या बेटांची माहिती आहे त्यांनी भर घालावी.

कारण असं, की डेलोसला बोटीतून उतरलं की समोर एकदम जोती, पडलेले खांब आणि चिऱ्यांचे ढीग येतात. कशाचं काय ते उमगत नाही. नाक्सोसला तोच संगमरवर अर्धवट घडवलेल्या स्थितीत खाणीतच पडून आहे. तो आधी पाहिला की डेलोसवरचे सिंह कुठून आले, मूर्ती कशी घडत असे आणि काम कुठे फसत असे हे डोळ्यांपुढे उभं राहतं.

बेटाच्या उत्तर टोकाला अपोलोनास गाव आहे. गावाच्या वर, रस्त्याला लागूनच, सुमारे १०.७ मीटर लांबीची मूर्ती पाठीवर पडलेली आहे. काळ इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपासचा. हनुवटीखाली दाढीचा उंचवटा राखलेला आहे, म्हणून हा अपोलो नसून मद्याचा देव डायोनिसस असावा असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. तिकीट नाही, कुंपण नाही, चार पायऱ्या चढल्या की मूर्तीपाशीच. इथे बघायचं ते चेहरा नव्हे, अंग. मूर्ती पूर्ण झाल्यावर जेवढी जाड असती त्यापेक्षा कितीतरी जास्त दगड चहूबाजूंनी राखलेला आहे. खाणीत फक्त ढोबळ आकार काढायचा, म्हणजे नेताना वजन कमी होतं, आणि वर दगडाचा थर ठेवायचा, म्हणजे वाटेत ठोकर लागली तरी आतली मूर्ती वाचते. बारीक काम जागेवर गेल्यावर. मूर्तीभोवती पाथरवटाला उभं राहून काम करता यावं म्हणून खणलेला चर अजून स्पष्ट दिसतो. दगडातल्या भेगांमुळे काम सोडून दिलं असावं.

टाकीचे घाव पाहायचे तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. डोक्यावरच्या उन्हात सगळा दगड सपाट दिसतो.

दुसरी जागा फ्लेरियो, मेलानेस गावाजवळ, मुख्य गाव होरापासून साधारण १० किमी. इथे बागांच्या मधोमध एक मूर्ती आडवी आहे, पाय तुटलेला. बहुतेक लोक तेवढंच पाहून परततात. पाटी बघून टेकडीवर पंधरा मिनिटं चढलात तर दुसरी मूर्ती भेटते, तिथे मागच्या खाणीचे काप जास्त नीट कळतात. त्या वाटेला चप्पल चालत नाही, दगड सुटे आहेत.

आणि होराच्या बंदरावरची पोर्तारा. लिग्डामिस या हुकूमशहाने इ.स.पू. ५३० च्या सुमारास काढलेल्या मंदिराचं हे दार. त्याची सत्ता गेली आणि मंदिर अपुरं राहिलं. पुढे व्हेनेशियन लोकांनी वरच्या किल्ल्यासाठी इथले दगड नेले, पण दाराचे चिरे प्रत्येकी वीसेक टनांचे, ते हलले नाहीत. सूर्यास्ताला तिथे जत्रा असते. चिऱ्यांवर न तासता ठेवलेले उंचवटे निवांत पाहायचे तर सकाळी सातला जा.

उत्तरवारा

क्रम पटला. फक्त प्रवासाचं गणित आधी मांडतो, कारण या बेटांवर बेत बिघडतो तो वाऱ्यामुळे.

मेल्तेमी हा उत्तरेचा कोरडा वारा. जोर जुलै-ऑगस्टमध्ये, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत कधीही सुटतो आणि सुटला की बरेचदा सलग काही दिवस राहतो. आकाश निळंशार असतं, म्हणून बोट रद्द झाल्याचं लोकांना खरंच वाटत नाही. आधी लहान बोटी थांबतात, मग वेगवान कॅटामरान, आणि सगळ्यात शेवटी मोठ्या साध्या फेरी. डेलोसच्या बोटी लहान असतात, म्हणजे पहिल्या फटक्यात त्याच बंद. म्हणून डेलोस नेहमी मिकोनोसच्या मुक्कामाच्या पहिल्या सकाळी ठेवा. पहिला दिवस हुकला तर दुसरा हाताशी राहतो. शेवटच्या दिवसावर टाकलेलं डेलोस हमखास हुकतं.

अथेन्सच्या पिरेयस बंदरातून नाक्सोस साध्या फेरीने पाच-साडेपाच तास, वेगवान बोटीने साडेतीनच्या आसपास. मी साधी फेरी सुचवेन. स्वस्त, डेकवर उघडं बसता येतं, डुलते कमी आणि रद्द कमी होते. पिरेयस बंदर अवाढव्य आहे, फाटकांना क्रमांक आहेत. सिक्लाडीजच्या बोटी बहुधा ई-६, ई-७ कडून सुटतात, पण तिकिटावर असेल ते खरं. अथेन्स मेट्रोच्या १ आणि ३ या दोन्ही मार्गिका पिरेयसला जातात. स्टेशनातून बाहेर पडल्यापासून फाटकापर्यंतच्या चालीला सामानासकट वीस मिनिटं धरा.

परतीचं विमान अथेन्सहून असेल तर आदली रात्र अथेन्समध्येच काढा. त्याच दिवशी बोट आणि त्याच दिवशी विमान ही जुळणी करू नका.

कुतूहल_पुणे

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जायचं ठरतंय. सोबत आईबाबा, दोघंही सत्तरीच्या आसपास. आईचे गुडघे दुखतात. डेलोस जमेल का? आणि तिथे किती वेळ लागतो?

जोत्याचा दगड

जमेल, पण सगळं नाही. आधी बेट कसं मांडलंय ते सांगतो.

डेलोस लांबट आहे, सुमारे ५ किमी लांब आणि सव्वा-दीड किमी रुंद. मिकोनोसच्या जुन्या बंदरातून अर्धा-पाऊण तास. हंगामात नाक्सोस आणि पारोसहूनही दिवसभराच्या बोटी जातात, पण त्यात अर्धा वेळ मिकोनोसला देतात, बेटावर थोडाच वेळ मिळतो. बोटीचं तिकीट वेगळं, स्थळाचं वेगळं. परत कुठल्या वेळेची बोट त्याच तिकिटावर चालते ते खिडकीवरच विचारून घ्या. रात्री बेटावर राहायला बंदी आहे. नियम जुना वाटेल, पण त्याहून जुना म्हणजे इ.स.पू. ४२६ सालचा: अथेन्सवाल्यांनी बेटाचं शुद्धीकरण केलं, सगळ्या कबरी उकरून शेजारच्या रेनिया बेटावर नेल्या आणि डेलोसवर जन्म आणि मृत्यू दोन्ही निषिद्ध ठरवले. आसन्नमरण माणसांना आणि बाळंतिणींना रेनियाला हलवत.

उतरल्यावर डाव्या हाताला, उत्तरेकडे, अपोलोचं पवित्र क्षेत्र, सिंह आणि तळं. उजव्या हाताला, चढावर, घरांची वस्ती, नाट्यगृह आणि त्यामागे किंथोस टेकडी, ११२ मीटर. पूर्वेला संग्रहालय.

धडधाकट माणसाने आधी उजवीकडे जावं. ऊन चढायच्या आत टेकडी होते आणि मोठे गट डावीकडे अडकलेले असतात तोवर घरं मोकळी मिळतात. डायोनिससच्या घरातली फरशी बघायची ती तुकड्यांच्या बारकाईसाठी: देवाचा चेहरा आणि वाघाचं अंग इतक्या लहान तुकड्यांत आहे की दोरीपलीकडून ते रंगचित्र वाटतं. छोटी दुर्बीण असेल तर इथे कामी येते. पुढे क्लिओपात्रा आणि डिओस्कुरिदेस या नवराबायकोचं घर (इजिप्तच्या राणीशी संबंध नाही), त्यांचे शिरविहीन पुतळे घरात उभे, इ.स.पू. १३८ च्या सुमाराचे. मग नाट्यगृह, साडेपाच हजार माणसांचं. नाट्यगृहाला लागून खाली भलंमोठं टाकं आहे, त्यावर ग्रॅनाइटच्या कमानींची रांग. आपल्या गडांवरच्या टाक्यांसारखंच, पावसाच्या पाण्यावर शहर जगवणारं. या कमानींवर पूर्वी छत होतं. ते टाकं चुकवू नका, लोक नाट्यगृहाचा फोटो काढून पुढे जातात.

नाट्यगृहापासून वर इसिसच्या मंदिराचा दर्शनी भाग पुन्हा उभा केलेला दिसतो. इजिप्तचे, सीरियाचे देव इथे, खाली इटालियन व्यापाऱ्यांचा चौक, समुद्राकडे ज्यू प्रार्थनागृह मानली जाणारी इमारत. इ.स.पू. १६६ च्या सुमारास रोमने डेलोस अथेन्सला देऊन बंदर करमुक्त केलं, त्यानंतरच्या शंभरेक वर्षांतली ही सरमिसळ. मोठ्या प्रमाणावर चालणारा व्यापार गुलामांचा होता. प्राचीन भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की दिवसाला दहा हजार गुलाम उतरवून विकायची इथे क्षमता होती. इ.स.पू. ८८ मध्ये रोमशी लढणाऱ्या मिथ्रिदातेस राजाच्या सैन्याने आणि ६९ मध्ये चाच्यांनी शहर उद्ध्वस्त केलं, त्यातून ते सावरलं नाही. सुंदर फरश्या पाहताना हेही लक्षात असावं.

सगळं नीट पाहायचं तर चार-पाच तास. तीन तासांत एक बाजू नीट आणि दुसरी ओझरती होते.

आता तुमचं: आईबाबांसाठी फक्त डावी बाजू आणि उघडं असेल तर संग्रहालय. वाट खडबडीत पण बरीचशी सपाट आहे. बोटीत चढता-उतरताना फळी हलते, तिथे हात द्यावा लागेल. आईंना काठी हवीच, रबरी टोकाची. लोखंडी टोक संगमरवरावर घसरतं.

खापरखुंटी

डाव्या बाजूबद्दल थोडं. सिंहांची ओळ नाक्सोसवाल्यांनी इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस दान दिली. सध्या बाहेर उभे आहेत त्या प्रतिकृती, मूळ सिंह १९९९ मध्ये संग्रहालयात हलवले, कारण समुद्रावरचा खारा वारा दगडाचा पृष्ठभाग खात होता. त्यातला एक फार पूर्वीच व्हेनिसला गेला आणि शस्त्रागाराच्या दारापाशी दुसरं डोकं लावून बसवलेला आहे. सिंहांपुढचं तळं कोरडं दिसेल. १९२० च्या दशकात मलेरियामुळे ते बुजवलं. मधला ताडासारखा वृक्ष नंतर लावलेला आहे.

त्याच भागात नाक्सोसवाल्यांच्या महाकाय अपोलोचे तुकडे आहेत: धड आणि कंबर वेगवेगळी पडलेली. मूर्ती नऊ मीटरच्या आसपास उंच होती. अपोलोनासची मूर्ती आधी पाहून आलेल्या माणसाला हे तुकडे ओलांडून जाता येत नाही. पुरी झालेली मूर्ती कशी दिसली असती याचं उत्तर इथे, आणि ती कशी निघाली याचं उत्तर तिथे.

मापाडी

अवशेषांचं वाचन कसं करावं यावर थोडं लिहितो, कारण पाट्या फार त्रोटक असतात.

खांबाच्या तुकड्याच्या वरच्या किंवा चिऱ्याच्या सांध्याकडच्या तोंडाकडे बघा. कडेचा पट्टा गुळगुळीत आणि मधला भाग किंचित खोल, खरखरीत ठेवलेला दिसेल. दोन चिरे फक्त कडेला टेकावेत आणि सांधा केसाएवढा बारीक यावा यासाठी ते. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. शेजारच्या चिऱ्यांना जोडायला लोखंडी आकडा घालून त्यावर वितळलेलं शिसं ओतत. शिसं लोखंडाला गंजण्यापासून राखतं आणि भूकंपात थोडी हालचालही सोसतं. आज अनेक चिऱ्यांच्या सांध्यापाशी ओबडधोबड भोकं दिसतात. धक्क्याने फुटलेली नाहीत ती. पुढच्या काळात लोखंड आणि शिसं चोरण्यासाठी पाडलेली आहेत. आकडे गेले की पुढच्या भूकंपात भिंत उसवते.

घरांत उंबरठा पाहा. दोन टोकांना गोल खळगे म्हणजे दाराचे पाय त्यात फिरत, मधला चौकोनी खळगा अडसराचा. खळगे कुठल्या बाजूला आहेत त्यावरून दार आत उघडत होतं की बाहेर ते कळतं. अंगणात फरशीखाली टाकं असतं, त्याच्या संगमरवरी तोंडावर दोरीने पडलेल्या खोल खाचा शोधा. जिन्याच्या खालच्या दोन-तीन पायऱ्या दगडी आणि पुढे काहीच नाही, असं दिसलं तर वरचा जिना लाकडी होता आणि घराला मजला होता.

डेलोसवरच्या घरांच्या भिंती स्थानिक दगडाच्या, ओबडधोबड. त्या तशा दिसायच्या नव्हत्या, वर गिलावा आणि रंग होता. संगमरवर बाहेरून यायचा, तो खांबांना आणि चौकटींना.

शिंपलाताई

खापरखुंटी, सांग्रीचं धान्यदेवता डिमीटरचं मंदिर राहिलं की! नाक्सोसच्या आतल्या भागात, शेतांच्या मधोमध. इ.स.पू. ५३० च्या आसपासचं, जवळजवळ चौरस, आणि छताच्या कौलांसकट सगळं संगमरवरी. कौलं पातळ घासली की त्यातून उजेड झिरपतो. नाक्सोसचा संगमरवर मोठ्या स्फटिकांचा असल्याने ते साधतं. पुढे आतच चर्च बांधलं, म्हणून बरेच चिरे जागेवर राहिले आणि अलीकडे मंदिराचा काही भाग परत उभा करता आला. नवा दगड आणि जुना दगड रंगावरून वेगळा ओळखू येतो, मुद्दाम तसा ठेवलाय. शेजारचं छोटं संग्रहालय आधी पाहा, तिथे छताची रचना मांडून दाखवलेली आहे.

बसने जाणाऱ्यांनी थांब्यापासून मंदिरापर्यंतची चाल विचारून घ्यावी. सावली नाही.

दगड पॉलिश करायला लागणारा कुरुंदही याच बेटावर सापडतो, हे नाक्सोसचं दुहेरी भाग्य.

सागरगोटा

पारोसला एक दिवस द्यावा. पारिकिया या तिथल्या मुख्य गावाहून लेफ्केसकडे जाणारी बस मराथी नावाच्या वस्तीपाशी थांबते, तिथून जुन्या खाणी थोड्या चालीवर. हा संगमरवर नाक्सोसपेक्षा बारीक कणांचा आणि उजेड आत खोल घेणारा. उत्तम थर जमिनीखाली असल्याने तिरप्या बोगद्यांत दिव्याच्या उजेडात तो काढत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली मिलोची व्हीनस आणि सामोथ्राकीची नायकी पारोसच्याच दगडाच्या. रस्त्यालगत पडक्या इमारती दिसतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कंपनीच्या.

बोगद्यांच्या तोंडाशी थांबा. उतार घसरडा, खाली सुटा दगड, आणि आत मोबाइलचा दिवा पुरत नाही. जिथे अडथळा लावलेला असेल तिथे तो ओलांडू नका.

पारिकियातच व्हेनेशियन काळातल्या बुरुजाची भिंत पाहा. मंदिराच्या खांबांचे गोल तुकडे आडवे घालून रचलेली आहे. मापाडींनी सांगितलेली आकड्यांची भोकं इथे डोळ्यांच्या उंचीवर, फुकटात आणि हात लावण्याइतकी जवळ आहेत. हात मात्र लावू नका.

कुतूहल_पुणे

फार उपयोगी. सँटोरिनीचं अक्रोतिरी छताखाली आहे ना? आईबाबांसाठी दुपारी तेच ठेवावं का? आणि प्राचीन थेरा वेगळं आहे का?

सागरगोटा

दोन्ही पूर्ण वेगळी. लोक नावात गल्लत करतात.

अक्रोतिरी हे कांस्ययुगातलं शहर. ज्वालामुखीच्या राखेखाली इ.स.पू. सोळाव्या-सतराव्या शतकात गाडलं गेलं. नेमक्या सालावर वाद आहे: किरणोत्सर्गी कार्बनचं मापन इ.स.पू. १६०० च्या आसपास नेतं, इजिप्तशी जुळवलेला कालक्रम त्याहून अलीकडे आणतो. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये उत्खनन सुरू केलं, १९७४ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. पुढचं काम ख्रिस्तोस दौमास यांनी पाहिलं. २००५ मध्ये तेव्हाच्या नव्या छताचा भाग कोसळून एका पर्यटकाचा बळी गेला, स्थळ २०१२ पर्यंत बंद होतं. आताचं छत त्यानंतरचं. फिरायला लाकडी आणि दगडी मार्ग आहेत, उतार सौम्य आहेत, गुडघ्यांना झेपेल. वेळ दीड तास धरा. हो, दुपारसाठी हेच योग्य.

काय पाहाल: दोन-तीन मजली घरं, भूकंपाने मधोमध तुटलेल्या दगडी पायऱ्या, रस्त्याखालची गटारं आणि पश्चिम घरात वरच्या मजल्यावरचं शौचालय, त्याची मातीची नळी भिंतीतून खाली गटाराला जोडलेली. माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. आधीच्या धक्क्यांनी लोक सावध होऊन निघून गेले, असं मानतात. सामान नीट रचून ठेवलेलं सापडलं, राडारोडा बाजूला काढलेला होता, म्हणजे काही जण डागडुजीला परत आले असावेत.

भित्तिचित्रं मात्र स्थळावर नाहीत. फिरा गावातल्या प्रागैतिहासिक थेरा संग्रहालयात काही, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात काही. म्हणून फिराचं संग्रहालय आधी, अक्रोतिरी नंतर. बेटावरच्या बसही फिरालाच बदलाव्या लागतात, तेव्हा हा क्रम सोयीचा पडतो.

निळ्या माकडांच्या चित्रापुढे जरा थांबा. २०२० च्या सुमारास काही संशोधकांनी शेपटीच्या वळणावरून ही माकडं भारतीय उपखंडातले लंगूर असल्याचं मांडलं. एजियनपासून सिंधूच्या बाजूपर्यंत कुठल्या तरी वाटेने चित्रकाराची ओळख पोचली होती, असा त्याचा अर्थ. इतर अभ्यासकांना हे मान्य नाही, ते आफ्रिकेतल्या माकडांवर ठाम आहेत. तुम्ही शेपट्या स्वतः पाहून ठरवा, लंगूर आपल्या नजरेतला आहे.

प्राचीन थेरा त्यानंतर कित्येक शतकांनी वसलेलं डोरियन या ग्रीक शाखेच्या लोकांचं गाव, कामारी आणि पेरिसा यांच्या मधल्या मेसा वुनो डोंगरावर. वळणावळणाचा रस्ता, वरून आणखी चढ, सावली शून्य आणि वारा असा की टोपी टिकत नाही. दुपारी लवकर बंद होतं. आईंना नको. बाबांची तयारी असेल तर सकाळी उघडताच जा. आर्टेमिडोरोस नावाच्या माणसाने खडकात कोरवलेले गरुड, सिंह आणि डॉल्फिन वाटेवरच आहेत.

शिंपलाताई

अक्रोतिरीच्या साठवणीच्या रांजणांत धान्य आणि डाळी सापडल्या, त्यात सँटोरिनीच्या आजच्या प्रसिद्ध ‘फावा’चं बीही होतं. ही वालाची डाळ नव्हे, विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली, दुसरी जात. आईबाबांना तिथल्या खाणावळीत ती मऊ घोटलेली, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल घालून मिळेल. पोटाला हलकी आणि शाकाहारी.

मापाडी

सिक्लाडीज सोडून एक जागा सुचवतो, स्थापत्य अभियंत्यांनी तर चुकवूच नये: सामोस बेटावरचा, पाणी आणण्यासाठीचा युपालिनोसचा बोगदा, पिथागोरियो गावाजवळ. इ.स.पू. सहाव्या शतकात डोंगराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खणत आणलेला, लांबी १०३६ मीटर. आत आडवा बोगदा जवळपास सपाट ठेवला आणि पाण्याचा उतार त्याच्या कडेला खणलेल्या वेगळ्या चरात दिला, त्यात मातीचे नळ. चर एका टोकाला उथळ आणि दुसऱ्या टोकाला खूप खोल आहे तो त्यामुळे. भुसभुशीत खडक लागला तिथे उत्तरेकडचा बोगदा सरळ रेषा सोडून वळतो. मग दोन्ही बाजूंनी येणारे बोगदे चुकामूक न होता एकमेकांना छेदावेत म्हणून शेवटी मुद्दाम वळणं घेतली आहेत. भेटीच्या जागी तळाच्या उंचीतला फरक सुमारे ६० सेंटिमीटर, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी, चुंबकसूचीशिवाय.

सुरुवातीची वाट खूप अरुंद आहे, खांदे आखडून जावं लागतं. बंदिस्त जागेची भीती असेल तर टाळा. गटानेच आत सोडतात आणि जागा मोजक्या, म्हणून वेळ आधी ठरवा. जवळच हेराचं मंदिर, त्याचा एकच खांब उभा आहे.

उत्तरवारा

राहिलेल्या गोष्टी भराभर.

उष्णतेची लाट आली की सरकार स्थळं दुपारी काही तास बंद ठेवतं, साधारण १२ ते ५. जून ते ऑगस्टमध्ये उघडण्याच्या वेळेलाच पोचायचा बेत करा. डेलोस आणि प्राचीन थेरासाठी माणशी दीड-दोन लिटर पाणी. खाणंही सोबत ठेवा.

बुटांचे तळवे मऊ रबराचे हवेत. हजारो पावलांनी झिजलेला संगमरवर कोरडा असतानाही घसरतो, ओला असला तर विचारूच नका.

गाडी किंवा स्कूटर भाड्याने घेणार असाल तर भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. स्कूटरसाठी त्यावर दुचाकीचा शिक्का स्वतंत्र हवा, नाहीतर अपघातात विमा नाकारतात. कच्च्या रस्त्यावर गाडी नेल्यास बहुतेक विमे लागू होत नाहीत, आणि खाणींचे रस्ते नेमके कच्चे.

खापराचा तुकडाही उचलू नका. ग्रीसमध्ये तो गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात. ड्रोन आणि तिपाई परवानगीशिवाय चालत नाही. स्थळावर माहिती सांगायला परवानाधारक मार्गदर्शकच लागतो, त्यामुळे गटप्रमुखाने मोठ्याने समजावायला सुरुवात केली तर रखवालदार हटकतात. आपसात बोलायला अर्थात हरकत नाही.

प्रवेश फुकट असे दिवस असतात: ६ मार्च, १८ एप्रिल, १८ मे, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार, २८ ऑक्टोबर, आणि नोव्हेंबर ते मार्च काही ठरावीक रविवार. हिवाळ्यातल्या रविवारांवर विसंबून डेलोसचा बेत मात्र आखू नका, त्या दिवसांत बोटीच तुरळक असतात.

कुतूहल_पुणे

मग बेत असा: पिरेयसहून नाक्सोस तीन रात्री, पारोस एक, मिकोनोस दोन (डेलोस पहिल्या सकाळी), मग सँटोरिनी तीन आणि अथेन्स एक. काही चुकतंय का?

खापरखुंटी

एकच बदल. मिकोनोसहून सँटोरिनीला जाताना बहुतेक बोटी वेगवान असतात, वाऱ्यात पहिल्यांदा त्याच अडतात. त्यापेक्षा पारोस, मिकोनोस, नाक्सोस, सँटोरिनी असं केलंत तर नाक्सोसहून साध्या फेरीने दोन-अडीच तासांत सँटोरिनी. पण मग डेलोस नाक्सोसच्या आधी येतं आणि धाग्याचा मुद्दाच जातो. तेव्हा तुमचाच क्रम ठेवा आणि सँटोरिनीच्या तीन रात्रींतली एक मिकोनोसला द्या. म्हणजे डेलोसलाही जादा सकाळ मिळेल, आणि बोट अडकली तरी अक्रोतिरी हातचं जाणार नाही.

नाक्सोसच्या तीन दिवसांत अपोलोनाससाठी गाडी चालकासकट करा. डोंगरातला रस्ता एका बाजूला दीड तासापर्यंत जातो, वळणं फार आहेत. आईंना गाडी लागत असेल तर गोळी आधी द्या. फ्लेरियो आणि सांग्री दुसऱ्या दिवशी एकत्र होतात.

कुतूहल_पुणे

गाडी लागतेच. गोळ्या यादीत लिहिल्या, रबरी टोकाची काठीही.